ओडीलचा रविवार

रविवार, २० ऑक्टोबर

मिरेय,

पत्ता कुठून मिळाला म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझ्या कर्जवसुलीवाल्यांनीच दिला. तुला जाणाऱ्या नोटिशीची नक्कल जामीनदार म्हणून मलाही येते, आणि या खेपेला तिच्यावर तुझा पोर्टलंडचा पत्ता होता. चार वर्षांत तू जे कळवलं नाहीस ते त्यांनी छापून पाठवलं. त्यांचे आभार मानावेत की त्यांना शिव्या घालाव्यात, ते अजून ठरवलेलं नाही.

बातमी अशी की मिल बंद होतेय. या वेळी खरोखरच. तुझ्या आजोबांच्या काळापासून आपण हे ऐकत आलोय, त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावरच घेतलं नाही. मग बाहेरगावची माणसं आली आणि दोन नंबरच्या मशीनच्या एकेका भागावर आकडे चिकटवून, फोटो काढून गेली. तिचे तुकडे करून विकायचेत. ज्या मशीनवर तुझ्या बाबांचं आयुष्य गेलं तिच्यावर आकडे चिकटलेले पाहिले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. वीस डिसेंबरला शेवटचा कागद निघेल. आम्ही बांधणी खात्यातल्या बायका तो गुंडाळू, आणि घरी जाऊ.

शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्याला बोनस आहे. अकरा हजार डॉलर. कर कापून हातात साडेसात पडतील. अट एकच, एक ऑक्टोबरपासून खाडा करायचा नाही. हक्काची रजा चालेल, खाडा चालणार नाही. मग काय विचारतेस, सगळं गाव खोकत, शिंकत, लंगडत कामावर येतंय.

पैसे हातात यायचे आहेत, पण खर्च होऊन गेलेत. पुरुषांतल्या अर्ध्यांनी त्यांच्या भरवशावर गाड्या उचलल्या. आमचा फोरमन हॉलिस मला म्हणतो, रेजान, छप्पर घाल. छप्पर गळतंय हे खरं आहे, जिन्याखाली बादली ठेवलीय. ओडील म्हणते, बँकेत टाक आणि विसरून जा, एकोणसाठाव्या वर्षी तुला कोण नोकरी देणार आहे? ओडीलमावशी तुझी अजून तशीच आहे. दुसऱ्याला उपदेश करताना तिचा आवाज मशीनच्या वर चढतो. तिचे स्वतःचे पैसे मात्र कधीच ठरलेत. दोन वर्षांची घरपट्टी थकलीय, नवऱ्याला, फर्नांडला, चोवीस तास ऑक्सिजनची नळी लागते, आणि फेब्रुवारीत नगरपालिका घराला हात घालणार.

मी काय ठरवलं ते सांगायला हे पत्र. वसुलीच्या माणसाशी मी फोनवर बोलले. तुझं कर्ज व्याजासकट चौदा हजारांवर गेलंय. पण वर्ष संपायच्या आत एकरकमी सात हजार भरले तर खातं बंद करतो म्हणाला. हप्ते करून देणार नाही, थोडे थोडे घेणार नाही. सात हजार, एका दमात.

ते भरायचं माझ्या मनात आहे. जामीनदार म्हणून माझ्याही मानेवरचं ओझं उतरेल, तेव्हा हे सगळं तुझ्यासाठी करतेय असं समजून हुरळून जाऊ नकोस. बाबांच्या दफनाच्या दिवशी तू मला काय बोललीस आणि मी तुला काय बोलले ते आता उकरत नाही. दोघींच्याही जिभेला हाड नव्हतं.

भरू का, एवढंच कळव.

आई


रविवार, १० नोव्हेंबर

मिरेय,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. त्या माझ्या पाठ झाल्यात, म्हणून परत लिहून दाखवते: कर्ज फिटलं तर बरं होईल. या नावावर कुणी घर भाड्याने देत नाही. इथे राहणं कठीण झालंय. नाताळचं बघू.

'नाताळचं बघू' वाचून मी वरची खोली झाडायला घेतली, म्हणजे मी किती मूर्ख आहे ते बघ.

कार्ड मी डब्यात घालून मिलमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत ओडीलला दाखवलं. तिने चष्मा चढवला, वाचलं, परत वाचलं आणि म्हणाली, "पोरगी त्या कर्टच्या घरातून सुटायला बघतेय. स्वतःचं घर शोधतेय ती. तुला एवढंही कळत नाही?" कर्टचं नाव मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या त्या माणसाबद्दल या गावात कोण काय बोलतं ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक असावं. त्याने एकदा तुझा फोन भिंतीवर आपटून फोडला हेही तिनेच सांगितलं. तिच्या पोर्टलंडच्या भाचीने पाहिलं म्हणे.

नंतर दिवसभर ओडील बँकेचं नाव काढेना. सुटी होता होता म्हणाली, भर. म्हातारपणाचं देव बघेल. मी म्हटलं, तुझ्या देवाने आजवर माझं काय बघितलं? तर म्हणाली, तुझ्या तोंडामुळे त्याची हिंमत होत नसेल. अशी हसली की खोकला लागला तिला.

तर मी भरतेय. छप्पर गळत राहू दे. बादली आहे.

कर्ट तुझ्यावर हात टाकतो का, ते मला लिही. लिहायचं नसेल तर नुसतं कोरं पाकीट पाठव, मी समजेन.

आई


रविवार, २४ नोव्हेंबर

मिरेय,

मंगळवारी दारात टोपली ठेवून गेली ती मीच. घेवड्याच्या बरण्या, गव्हाच्या पिठाची पिशवी, आणि तुला आवडतो तो डुकराच्या मांसाचा मसालेदार गोळा. तो आत नेला असशील तर बरं, नाहीतर कुत्र्यांची चंगळ झाली असेल.

तुझी गाडी दारात होती. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला. मी दोनदा बेल वाजवली, मग वाटलं, रात्रपाळी करून झोपली असेल, आणि निघून आले. असं सांगायचं ठरवलं होतं. पण खोटं लिहायला हात चालत नाही. मी निघून आले नाही. समोरच्या धुलाईच्या दुकानापुढे गाडी लावून दुपार उलटेपर्यंत बसून राहिले. कर्ट बाहेर आला, सिगरेट ओढली, माझ्या टोपलीला पायाने बाजूला केलं आणि आत गेला. दाराच्या खालच्या फळीला लाथ मारल्यासारखं भोक आहे, त्यावर पुठ्ठा लावलाय. ते पाहिलं आणि पैसे भरण्याबद्दल मनात उरलीसुरली शंकाही संपली. तू का नाही उघडलंस? त्याला घाबरलीस की मला?

चार तास जायला, चार तास यायला. मंगळवारी माझी पाळी होती, पण मी बुडवली नाही हं, काळजी करू नकोस. ओडीलशी पाळी बदलली. मंगळवारची माझी तिने केली आणि आजची, रविवारची तिची मी केली. आत्ताच आले घरी, बोटांना कागदाचे काप गेलेत. आमच्यात हे असंच चालतं, तुला ठाऊक आहे. हॉलिसच्या कानावर घालायचं, तो मान हलवतो, झालं. तुझा जन्म झाला तेव्हा पूर्ण आठवडा ओडीलने माझ्या पाळ्या केल्या होत्या आणि मी तिच्या उन्हाळ्यात फेडल्या. मशीनवर माणूस असल्याशी कारण, कुठला माणूस ते कोण विचारतं.

माझ्या तीन रजा शिल्लक आहेत, पण त्या मी मोडत नाही. मिल बंद होताना उरलेल्या रजांचे रोख पैसे मिळणार आहेत. तीन दिवसांचा पगार कोण सोडतं? तेवढ्यात तुझ्या सामानाची गाडी भाड्याने घेता येईल. ओडीलच्या रजा मात्र सगळ्या फर्नांडच्या इस्पितळात संपल्या. आज ती त्याला ढकलगाडीत बसवून प्रार्थनेला घेऊन गेली. कित्येक महिन्यांनी गेला बिचारा.

वरच्या खोलीत पलंग लावलाय. कर्टला न सांगता निघ. रात्री-बेरात्री कधीही ये, दार उघडं असेल.

आई


सोमवार, २३ डिसेंबर

मिरेय,

तुझं कर्ज फिटलं. आज सकाळी बँकेत जाऊन भरून आले. खातं बंद झाल्याचा कागद तुला थेट पाठवतील. तो जपून ठेव, फार महागात पडलाय.

आता पुढचं ऐक, आणि सगळं ऐक.

शुक्रवारी शेवटचा गठ्ठा बांधला. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, पुरुषांनी बाटली फिरवली. मग एकेकाला ऑफिसात बोलावून चेक दिले. माझा मिळाला. ओडील आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात काही नव्हतं. मला वाटलं, पर्समध्ये ठेवला असेल. मी म्हटलं, चल, आज कॉफी माझ्यातर्फे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कोट घालून चालू लागली.

हॉलिसने मला सांगितलं. हजेरी आता इथे मोजत नाहीत, दूरच्या राज्यातल्या मोठ्या ऑफिसात मोजतात. दारातल्या यंत्रात तुमचं कार्ड वाजलं की नाही, एवढंच त्यांना दिसतं. मंगळवारी माझं कार्ड वाजलं नाही. माझ्या तीन रजा शिल्लक होत्या, म्हणून यंत्राने त्यातली एक आपोआप मोडून घेतली. प्रकरण मिटलं. रविवारी ओडीलचं कार्ड वाजलं नाही. तिची रजा शिल्लक नव्हती. खाडा लागला. हॉलिसने त्यांना फोनवर सांगितलं, अहो, ती पाळी रेजानने भरली, पाळी बदलली होती, इथे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं. ते म्हणाले, लेखी मंजुरी दाखवा. लेखी कुठून आणणार? आणि रविवारी मी जे काम केलं, ओडीलच्या जागी, त्याचे त्यांनी मला जादा कामाचे म्हणून दीडपट पैसे दिलेत. चेकच्या सोबत आलेत. वाचताना मला हसू आलं.

हॉलिस रडवेला झाला होता. त्याचं तरी काय चालतं, शुक्रवारी तोही बेकार झाला.

शनिवारी मी ओडीलकडे गेले. हे तुला कळलंच पाहिजे म्हणून लिहितेय: तुझे पैसे मी तिला द्यायला निघाले होते. वाटेत ठरवलं होतं की अर्धे द्यायचे. अर्ध्यांत तुझं भागत नव्हतं, तिचंही भागत नव्हतं, पण माणसाला वाटतं ना, अर्धं अर्धं केलं की पाप वाटून जातं. तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर नगरपालिकेची नोटीस पसरलेली. आत फर्नांडचं यंत्र घुरघुरत होतं. मी खुर्चीवर बसले आणि माझ्या तोंडून निघालं, सगळे घे.

तिने चेककडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तीन रजा होत्या ना तुझ्याकडे? मग माझी पाळी कशाला मागितलीस?"

मी काय सांगू? तीन दिवसांचा पगार सोडवत नव्हता म्हणून? मी म्हटलं, असं होईल हे कुणाला ठाऊक होतं. ती म्हणाली, हो, कुणालाच नव्हतं. आणि गप्प बसली. आयुष्यभर जिची बडबड बंद व्हावी म्हणून मी हात जोडले ती बाई गप्प बसली होती आणि ते ऐकवत नव्हतं मला.

मी चेक तिच्याकडे सरकवला. तिने बोटाने परत माझ्याकडे सरकवला.

"उचल. घेतले तर तुला माफ करावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही."

मी रडले, मिरेय. तिच्यापुढे मी कधी रडले नव्हते, तुझ्या बाबांच्या वेळीसुद्धा नाही. ती उठली, माझा कोट आणून दिला. म्हणाली, "पोरीचं भागव. बाप्तिस्म्याला ती माझ्या हातांवर होती, तिच्यावर माझा राग नाही. तिला तेवढी सोडव त्या घरातून. आणि या दारात परत येऊ नकोस, रेजान."

आज तेवीस तारीख. दर वर्षी या दिवशी ती माझ्याकडे येते, आम्ही दोघी मिळून नाताळच्या तूर्तिएर करतो, ती कणीक लाटते आणि मी आत भरायचा खिमा परतते, आणि मिरी जास्त झाली म्हणून भांडतो. आज मी खिमा आणला, पातेल्यात घातला, आणि गॅस बंद करून टाकला. एकटीसाठी कोण करतं.

तू नाताळला आलीस तर करीन. उद्या रात्री उशिरापर्यंत जागी आहे. रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश ये.

आई


रविवार, १२ जानेवारी

मिरेय,

हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतेय, कारण नवीन तू दिला नाहीस. पोस्टवाले पुढे पाठवतील तर पाठवतील. ॲरिझोना केवढं मोठं आहे ते मी नकाशात पाहिलं. आपल्याकडून बोट ठेवलं तर दुसरं टोक गाठायला हात पुरत नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही, कारण मागे कर्टचा आवाज येत होता. चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मागे तो, खोक्यांना लावायची टेप कुठे ठेवलीस म्हणून ओरडतोय. तू म्हणालीस, आई, तुझ्यामुळेच झालं सगळं, माझं नाव साफ झालं म्हणून ॲरिझोनात भाड्याने घर मिळालं, माझ्या नावावर. कर्टला तिकडे काम मिळालंय. त्याचं रेकॉर्ड वाईट आहे, त्याला एकट्याला कुणी दिलं नसतं. तू किती खूश होतीस. मी हूं हूं म्हणत राहिले.

म्हणजे तुला त्याच्यापासून सुटायचं नव्हतं. इथे राहणं कठीण झालंय, म्हणजे पोर्टलंडमध्ये. तू लिहिलं होतंस ते तेवढंच होतं, बाकीचं मी आणि ओडीलने जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तुझी यात काही चूक नाही. मी विचारलं होतं, हात टाकतो का, त्याचं उत्तर तू आजही दिलेलं नाहीस. दाराला भोक कसं पडलं तेही नाही. तिकडे त्याने काही केलं तर धावून यायला मी नाही, ओडीलची भाची नाही, कुणी नाही. तेवढ्या लांब तुला पाठवायचे पैसे मी भरले.

मी रागावलेली नाही. रागवायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

तू फोनवर विचारलंस, ओडीलमावशी कशी आहे? मी म्हटलं, मजेत. तुला सगळं लिहून कळवलेलं असताना तू असं विचारलंस, म्हणजे माझं डिसेंबरचं पत्र तू फोडलेलंच नाहीस. की त्याने तुझ्या हाती पडू दिलं नाही? हेही फोडशील की नाही कोण जाणे. तरी लिहितेय, कारण आता मला बोलायला दुसरं माणूस उरलेलं नाही.

गुरुवारी बेकारभत्त्याच्या ऑफिसात गेले होते. आख्खी मिल तिथे. जे बॉयलरवर होते, जे लाकूडखात्यात होते, सगळे टोप्या हातात घेऊन उभे, शाळेत नाव घालायला आल्यासारखे. रांगेत माझ्या पुढे दोन माणसं सोडून ओडील होती. मधल्या दोघांनी मला पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि मागे सरकून मला पुढे केलं. त्यांना वाटलं, मैत्रिणी आहेत, उभ्या राहू देत जवळ. गावात अजून सगळ्यांना ठाऊक नाही.

मी तिच्या पाठीशी उभी. तिच्या कोटाची शिवण खांद्याला उसवलीय. एरवी मी तिथल्या तिथे सुई काढली असती. घरपट्टीचं काय झालं, ते मी विचारलं नाही. फर्नांडला त्याच्या भावाकडे हलवणार आहेत, घर सोडतायत, एवढं हॉलिसकडून कळलं होतं. भावाकडे एकच खोली रिकामी आहे, ती फर्नांडला. ओडील कुठे राहणार ते हॉलिसलाही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे वरची खोली झाडलेली आहे, पलंग लावलेला आहे, आणि ते तिला सांगायचं मला तोंड नाही.

रांग हलत नव्हती. मग ती बोलली. मागे वळली नाही, समोरच्या भिंतीकडे बघूनच बोलली.

"पोरगी त्या घरातून बाहेर पडली का?"

"पडली," मी म्हणाले.

"एकटी?"

मिरेय, मी तुझ्याएवढी असल्यापासून ओडीलशी खोटं बोललेले नाही. भांडले, टोचून बोलले, पण खोटं नाही.

"एकटी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिचा नंबर पुकारला तशी पर्स सावरली.

"मग पैसे सत्कारणी लागले," ती म्हणाली, आणि खिडकीकडे गेली.

आई